चार वेळा खेळलेला अंतिम सामना : रुमानियाचा राष्ट्रीय चषक, १९३९-४०



रुमानिया हा देश आपल्यापासून दूर, आणि त्या देशातल्या फुटबॉलच्या चषकाशी तर आपला काही संबंधच नाही. मग दिवसभर शेतात राबून आलेल्या माणसाने किंवा शाळेत इतिहास-भूगोल शिकवणाऱ्या गुरुजींनी या चषकाची हकीगत कशासाठी वाचावी, असा प्रश्न तुमच्या मनात येणं साहजिक आहे. त्याचं उत्तर एवढंच, की इतिहास हा तहनाम्यांत आणि राजवाड्यांत असतो तसा तो साध्यासुध्या गोष्टींतही सापडतो. गावच्या जुन्या वहीत कोणाची नावे होती आणि पुढच्या पानावर कोणाची राहिली नाहीत, हे नीट पाहिलं तर गावावर काय प्रसंग गुदरला ते कळतं. रुमानियाच्या राष्ट्रीय चषकाची १९३९-४० सालची नोंद ही अशीच एक वही आहे. ती आज आपण उघडून पाहू.

आधी देशाची थोडी ओळख करून घेऊ. नकाशा काढा आणि युरोपच्या आग्नेय कोपऱ्यात पाहा. डॅन्यूब नावाची मोठी नदी काळ्या समुद्राला मिळते तिथे हा देश आहे. मधोमध कार्पेथियन पर्वताची कमान. पहिल्या महायुद्धाआधी हे राज्य लहान होते. १९१८ साली युद्ध संपले, ऑस्ट्रिया-हंगेरी आणि रशिया ही दोन मोठी साम्राज्ये कोसळली, आणि त्यांच्या काठचे प्रांत रुमानियाला येऊन मिळाले. पश्चिमेकडून ट्रान्सिल्व्हेनिया आणि बनात, उत्तरेकडून बुकोविना, पूर्वेकडून बेसारेबिया. देशाचा आकार दुपटीहून अधिक झाला. सुमारे दोन लाख पंचाण्णव हजार चौरस किलोमीटर एवढा विस्तार भरला.

पण जमीन जोडली म्हणजे माणसे जोडली असे होत नाही. १९३० च्या शिरगणतीत शंभरांत सुमारे बहात्तर लोक रुमानियन होते. बाकीचे हंगेरियन, जर्मन, ज्यू, युक्रेनियन, बल्गेरियन, सर्ब. एकाच शहरात बाजाराची भाषा एक, कचेरीची दुसरी आणि देवळाची तिसरी, अशी अवस्था. अशा देशाला एक कसे करावे, हा राज्यकर्त्यांपुढचा प्रश्न होता. शाळा काढल्या, रेल्वे जोडल्या, कायदे एक केले. आणि कोणी फारसे ठरवले नसतानाही एक गोष्ट या कामी आली. ती म्हणजे फुटबॉल.

फुटबॉलचे वेड या देशात आधीपासून होते. १९३० साली दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वे देशात पहिली विश्वचषक स्पर्धा भरली, तेव्हा बोटीचा लांबचा प्रवास म्हणून युरोपातल्या बहुतेक देशांनी अंग काढून घेतले. जे चारच देश गेले त्यांत रुमानिया एक होता. राजा कॅरोल दुसरा हा नुकताच गादीवर आला होता आणि त्याला खेळाची आवड होती. खेळाडूंना नोकरीवरून रजा मिळावी म्हणून त्याने स्वतः लक्ष घातले. तिथे रुमानियाने पेरूवर ३-१ असा विजयही मिळवला. पुढे १९३४ आणि १९३८ च्या विश्वचषकांतही रुमानियाचा संघ उतरला होता.

देशांतर्गत पाहिलं तर १९३२ साली राष्ट्रीय साखळी स्पर्धा नव्या रीतीने सुरू झाली, आणि १९३३-३४ च्या हंगामापासून राष्ट्रीय चषकाची स्पर्धा. तिचे नाव ‘कुपा रोमुनिए’, म्हणजे रुमानियाचा चषक. साखळी आणि चषक यांत फरक आहे बरं का. साखळीत प्रत्येक संघ प्रत्येकाशी खेळतो, गुण मोजतात, आणि वर्षभर ज्याने सातत्य राखले तो जिंकतो. चषक हा बाद पद्धतीचा. हरला तो घरी गेला. आपल्या कुस्तीच्या फडात एका चांगल्या डावावर नवखा पोरही नावाजलेल्या मल्लाला चीत करतो, तसा चषकात लहान गावचा संघ एखाद्या दिवशी राजधानीच्या संघाला लोळवू शकतो. म्हणून लहान गावांचा जीव चषकात अधिक.

आता या स्पर्धेतले संघ पाहू, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे.

पहिला चषक १९३४ साली जिंकला तो रिपेन्सिया या संघाने. हा पश्चिमेकडच्या तिमिश्वारा शहरातला. नाव घेतलेले प्राचीन रोमन प्रांताचे. १९२८ साली स्थापन झालेला हा रुमानियातला पहिला व्यावसायिक संघ, म्हणजे खेळाडूंना खेळाबद्दल वेतन देणारा. तिमिश्वारा हे रुमानियन, जर्मन, हंगेरियन, सर्ब अशा सगळ्यांचे शहर, आणि संघही तसाच मिसळलेला. श्तेफान दोबाय, सिल्विउ बिंदेआ, गेओर्गे चोलाक, रुडॉल्फ ब्यूर्गर ही नावे वाचली तरी चार घरची माणसे एका पंगतीला बसली आहेत हे ध्यानात येते. पहिल्या अंतिम सामन्यात त्यांनी क्लुज विद्यापीठाच्या संघाचा ५-० असा पराभव केला. १९३८ साली मध्य युरोपच्या मित्रोपा चषकात तर त्यांनी इटलीतल्या मिलानच्या बलाढ्य संघालाही बाहेर काढले.

हरलेला क्लुजचा संघही ऐकण्याजोगा आहे. क्लुज हे ट्रान्सिल्व्हेनियाचे विद्यानगर. १९१९ साली तिथल्या रुमानियन विद्यापीठातले वैद्यकाचे प्राध्यापक युलिउ हात्सिएगानु यांनी पुढाकार घेऊन विद्यार्थ्यांचा हा संघ उभारला. नुसत्या पुस्तकांनी पिढी घडत नाही, मैदानही हवे, अशा विचाराचे हे गृहस्थ. शिक्षक बंधूभगिनींनी हे नाव लक्षात ठेवावं.

राजधानी बुखारेस्टमध्ये दोन संघांची चढाओढ होती. एक व्हेनस. हा साखळीचा राजा. एकूण आठ वेळा राष्ट्रीय विजेता. बेसारेबियातून आलेले व्हाल्कोव आडनावाचे तीन सख्खे भाऊ, पेत्या, कोल्या आणि व्होलोद्या, हे १९३० नंतरच्या दशकात या संघातून खेळले. युलिउ बोदोला हा गोल करण्यात पटाईत खेळाडू १९३७ साली ओराद्याहून व्हेनसकडे आला. रुमानियाकडून ४८ सामन्यांत ३० गोल हा त्याचा विक्रम पुढे अर्धे शतक टिकला.

दुसरा संघ रॅपिड. हा रेल्वे कामगारांचा. बुखारेस्टच्या ग्रिवित्सा भागात रेल्वेचे मोठे कारखाने होते. इंजिने दुरुस्त करणारे, चाके ठोकणारे, भट्टीशी उभे राहणारे लोक तिथे काम करत. त्यांनी १९२३ साली हा संघ काढला. सुरुवातीला नावच होते ‘चे-फे-रे’, म्हणजे रुमानियन रेल्वेची आद्याक्षरे. या ग्रिवित्साचे नाव देशाला आणखी एका कारणाने ठाऊक झाले. १९३३ च्या फेब्रुवारीत जगभरच्या मंदीत पगार कापले गेले, तेव्हा कामगारांनी कारखाना अडवून धरला आणि लष्कराने गोळीबार केला. माणसे मेली. त्याच वस्तीतला हा संघ. दोन वर्षांनी, १९३५ साली, त्याने जादा वेळेपर्यंत गेलेल्या अंतिम सामन्यात रिपेन्सियाला ६-५ असे हरवून पहिला चषक ग्रिवित्साला आणला. पुढे त्याने रॅपिड हे नाव घेतले. रॅपिड म्हणजे जलद गाडी. आपण मेल म्हणतो ना, तशी.

आणि ही गाडी चषकात खरोखरच थांबेना. १९३७ साली रिपेन्सियावर ५-१, १९३८ साली तिमिश्वाराच्याच दुसऱ्या एका संघावर ३-२, १९३९ साली बुखारेस्टच्या स्पोर्तुल स्टुडेंत्सेस्क या विद्यार्थी संघावर २-० असे ओळीने तीन विजय. १९३९ साली जुलेश्त भागात रॅपिडचे स्वतःचे नवे मैदान उभे राहिले. लंडनच्या आर्सेनल संघाच्या मैदानाचा नमुना त्यासाठी समोर ठेवला होता. या संघातला सर्वांत लाडका खेळाडू युलिउ बाराटकी. सोनेरी केसांचा म्हणून लोक त्याला ‘गोरं नवल’ अशा अर्थाच्या टोपणनावाने हाक मारत. जन्म ओराद्याचा, घरची भाषा हंगेरियन. आधी हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून आणि नंतर रुमानियाच्या संघातून, असा तो दोन्ही देशांकडून खेळलेला.

अजून सरहद्दीवरचे संघ राहिले. हंगेरीच्या सीमेलगत ओराद्या नावाचे शहर, तिथला संघ १९१० सालचा, ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमदानीत स्थापन झालेला. पूर्वेला बेसारेबियाचे किशिनाउ शहर, तिथे ‘मिहाई वितेआझुल’ हा संघ, मिहाई नावाच्या शूर राजाच्या नावाने. आणि उत्तरेला बुकोविनातले चेर्नाउत्स. या शहरात जेवढे समाज तेवढे संघ. रुमानियनांचा द्रागोश वोदा, जर्मनांचा यान, ज्यूंचा मक्काबी, पोलिशांचा पोलोनिया, युक्रेनियनांचा दोव्बुश. आठवडाभर ज्यांची मुले वेगवेगळ्या शाळांत शिकत, ज्यांची प्रार्थनास्थळे वेगळी, ते सगळे रविवारी एकाच मैदानाच्या कडेने उभे राहत. भांडत असतील, शिव्याही देत असतील. पण एकाच खेळाचे नियम सगळ्यांनी मानलेले होते. ही गोष्ट लहान नाही.

असे हे संघ, आणि आता तो हंगाम.

१९३९ च्या ऑगस्टमध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी आपसांत करार केला. त्याच्या गुप्त कलमांत पूर्व युरोपची वाटणी होती आणि बेसारेबियाचे नाव त्यात होते. सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला जर्मनी पोलंडवर चालून गेला. पोलंड रुमानियाचा शेजारी. पोलंडचे सरकार, सैनिक, सामान्य कुटुंबे, हजारोंच्या संख्येने सरहद्द ओलांडून रुमानियात आली. २१ सप्टेंबरला बुखारेस्टच्या रस्त्यात रुमानियाचे पंतप्रधान आर्मांद कालिनेस्कु यांचा ‘आयर्न गार्ड’ या अतिरेकी संघटनेच्या लोकांनी खून केला. देश तटस्थ होता. पण शेजारच्या घराला आग लागली असताना आपल्या अंगणात बसून राहण्यासारखी ती तटस्थता होती.

तरी फुटबॉल चालू राहिला. कारखाने चालू होते, शाळा चालू होत्या, तसा फुटबॉलही. साखळीत व्हेनसने १९३९-४० चे विजेतेपद पटकावले. चषकात रॅपिड आणि व्हेनस दोघेही अंतिम सामन्यापर्यंत येऊन भिडले. व्हेनसच्या घरी साखळीची विजेतेपदे रांगेने लागली होती, पण राष्ट्रीय चषक एकदाही नव्हता. तो मिळाला असता तर एकाच वर्षी दोन्ही मान. रॅपिडला ओळीने चौथा चषक हवा होता. साखळी त्यांना कधी साधली नव्हती.

त्याच वर्षी रॅपिड देशाबाहेरही गाजत होता. मित्रोपा चषकाच्या उपांत्य फेरीत त्यांची गाठ झाग्रेबच्या ग्राद्यान्स्की संघाशी पडली. एक सामना झाला, बरोबरी. दुसरा झाला, बरोबरी. तिसराही बरोबरीत. शेवटी निकाल दैवावर सोपवला आणि कौल रॅपिडच्या बाजूने पडला. अंतिम सामना ठरला तो बुडापेस्टच्या फेरेन्त्सवारोश संघाशी. पण रुमानिया आणि हंगेरी या दोन देशांत ट्रान्सिल्व्हेनियावरून वितुष्ट पेटलेले, सगळा युरोप युद्धात ओढला गेलेला. तो सामना झालाच नाही. मित्रोपा चषकाच्या यादीत त्या वर्षापुढे विजेत्याचे नाव नाही.

आणि मग आला १९४० चा उन्हाळा. जूनमध्ये फ्रान्स पडला. ज्यांच्या आधारावर रुमानिया उभा होता त्यांच्यापैकी एक नाहीसा झाला. २६ जूनला मॉस्कोहून निर्वाणीचा खलिता आला : बेसारेबिया आणि उत्तर बुकोविना ताबडतोब सोडा. चार दिवसांत सैन्य आणि कारभार मागे घ्यावा लागला. किशिनाउ गेले, चेर्नाउत्स गेले. ३० ऑगस्टला व्हिएन्नात जर्मनी आणि इटलीच्या परराष्ट्रमंत्र्यांनी निवाडा दिला की ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तर भाग, सुमारे त्रेचाळीस हजार चौरस किलोमीटर मुलूख, त्यातली पंचवीस लाखांच्या आसपास माणसे, हे सारे हंगेरीचे. नवी रेषा आखलेला नकाशा पुढे ठेवला तेव्हा रुमानियाचे परराष्ट्रमंत्री मिहाईल मानोइलेस्कु टेबलावरच बेशुद्ध पडले. क्लुज गेले, ओराद्या गेले. ७ सप्टेंबरच्या कराराने दक्षिणेकडचा दोब्रुजाचा भाग बल्गेरियाला द्यावा लागला. एका उन्हाळ्यात देशाचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला, आणि त्याबरोबर साठ लाखांहून जास्त लोक. ६ सप्टेंबरला राजा कॅरोलने गादी सोडली. अठरा वर्षांचा मुलगा मिहाई राजा झाला आणि खरी सत्ता जनरल अँतोनेस्कु यांच्या हाती गेली. १० नोव्हेंबरच्या पहाटे मोठा भूकंप झाला. बुखारेस्टमधली कार्लटन नावाची उंच इमारत पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळली. संकटे येतात ती एकटी येत नाहीत, असे आपण म्हणतो ते काही उगीच नाही.

अशा त्या १९४० च्या चषकाचा अंतिम सामना कसा झाला पाहा. त्या काळी बरोबरी सोडवायला आजच्यासारखे पेनल्टीचे फटके नव्हते. ती रीत फुटबॉलच्या नियमांत १९७० साली आली. तेव्हाचा नियम असा, की जादा वेळ खेळूनही निकाल लागला नाही तर पुन्हा नवा सामना. रॅपिड आणि व्हेनस पहिल्यांदा भिडले, २-२. पुन्हा भिडले, ४-४. तिसऱ्यांदा भिडले, पुन्हा २-२. चौथ्या सामन्यात रॅपिडने २-१ अशी बाजी मारली. चारही सामन्यांचे गोल मोजले तर रॅपिडचे दहा, व्हेनसचे नऊ. चार सामने आणि फरक अवघ्या एका गोलाचा!

आता तुम्ही म्हणाल, देश फाटत असताना हे लोक चेंडू कसले लाथाडत होते? प्रश्न रास्त आहे. पण जरा वेगळ्या बाजूने पाहू. ज्या माणसाच्या हातात सरहद्द आखणारी पेन्सिल नसते, त्याच्या हातात रोजचे काम आणि रविवारचा खेळ एवढेच उरते. राज्यकर्ते परक्या राजधानीत बसून निवाडा ऐकतात. ग्रिवित्साचा भट्टीवाला सोमवारी कामावर जातो. त्याने खेळ सोडला असता म्हणून ट्रान्सिल्व्हेनिया राहिला असता असे नाही. उलट नियमाने खेळलेला, बरोबरी झाली तर पुन्हा खेळू या असे म्हणणारा सामना हा त्या वर्षी युरोपात दुर्मिळ झालेला न्याय होता. व्हिएन्नात दुसरा सामना नव्हता.

पण हे झाले राजधानीतल्या संघांचे. माझ्या मते या हंगामाची खरी शोकांतिका अंतिम सामन्यात नाही, ती यादीत आहे. व्हेनस हरला, तरी त्याला चार वेळा खेळून हरता आले. सरहद्दीवरच्या संघांना हरण्याचाही हक्क उरला नाही. चषकाच्या नोंदीतून त्यांची नावे बाद झाली ती मैदानावर नव्हे.

त्यांचे पुढे काय झाले ते एकेक करून सांगतो.

ओराद्याचा संघ सरहद्द बदलताच हंगेरीच्या साखळीत गेला. मैदान तेच, शहर तेच, देश दुसरा. बोदोला व्हेनस सोडून त्या संघात परतला आणि पुढे हंगेरीच्या राष्ट्रीय संघातून खेळला. १९४३-४४ साली या संघाने हंगेरीचे राष्ट्रीय विजेतेपद जिंकले. बुडापेस्टबाहेरच्या संघाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण त्याच १९४४ च्या मे आणि जून महिन्यांत ओराद्याच्या ज्यू नागरिकांना वाड्यावस्त्यांतून हाकलून, गाड्यांत कोंडून आउश्वित्सला नेण्यात आले. हजारोंच्या संख्येने. ज्या शहराने विजेतेपद मिळवले त्या शहराचे एक अंगच त्या वसंतात तोडले गेले. विजेतेपदाची नोंद वाचताना ही दुसरी नोंद झाकून ठेवणे हा इतिहास नव्हे. युद्धानंतर ओराद्या पुन्हा रुमानियात आले, आणि १९४८-४९ साली याच शहराचा हाच संघ, नव्या नावाने, रुमानियाचा विजेता झाला. पाच वर्षांत दोन देशांचे विजेतेपद, तेही शहर जागेवरून न हलता. १९५६ साली त्याने रुमानियाचा चषकही जिंकला.

क्लुजच्या विद्यापीठाने दुसरा मार्ग धरला. शहर हंगेरीत गेले तसे रुमानियन विद्यापीठ दक्षिणेकडच्या सिबिउ शहरी हलवण्यात आले. प्राध्यापक, विद्यार्थी, ग्रंथ, प्रयोगशाळेची उपकरणे, सगळे बिऱ्हाड उठले, आणि त्यांच्याबरोबर फुटबॉलचा संघही. क्लुजचे नाव त्यांनी टाकले नाही. परगावी राहून या संघाने १९४२ च्या चषकाचा अंतिम सामना गाठला. तिथे रॅपिडने त्यांना ७-१ असे धुतले. गुणफलक पाहिला तर फजिती दिसते, पण घर सुटलेल्या विद्यार्थ्यांनी अंतिम सामन्यापर्यंत जाणे हीच मोठी कमाई होती. १९४५ साली विद्यापीठ परत क्लुजला आले, आणि १९६५ साली या संघाने अखेर चषक घरी नेला. पहिल्या अंतिम सामन्यातल्या पराभवानंतर एकतीस वर्षांनी.

चेर्नाउत्सची गोष्ट मात्र परतीची नाही. १९४० च्या शरदातच तिथल्या जर्मनांना कराराप्रमाणे जर्मनीत नेण्यात आले, आणि ‘यान’चे लोक गेले. १९४१ साली रुमानियन सैन्य जर्मनीच्या साथीने त्या शहरात परतले, आणि अँतोनेस्कु सरकारने ज्यूंना नीस्टर नदीपलीकडच्या छावण्यांत हाकलले. तिथे भूक, थंडी आणि रोगाने असंख्य लोक मेले. लक्षात घ्या, हे काम परक्याने केले नाही, स्वतःच्या सरकारने केले. युद्धानंतर पोलिशही गेले. आज ते शहर युक्रेनमध्ये चेर्निव्त्सी या नावाने आहे. घरे, रस्ते, विद्यापीठ सारे उभे आहे. पण एका मैदानाच्या कडेला पाच भाषांत आरडाओरड करणारी ती गर्दी पुन्हा कधी जमली नाही.

रॅपिडची जलद गाडी पुढे धावत राहिली. १९४१ साली उनिरेआ त्रिकोलोर या बुखारेस्टच्या संघावर ४-३, १९४२ साली क्लुजवर ७-१. ओळीने सहा चषक! १९४३ साली डॅन्यूबकाठच्या तुर्नु सेवेरिन या गावचा संघ जिंकला, तोही रेल्वेचाच. त्यानंतर युद्धापायी चषक थांबला तो १९४७-४८ पर्यंत.

युद्धानंतर राज्य बदलले, राजा गेला, साम्यवादी सरकार आले. मग संघांवर दुसरीच पाळी आली. लष्कराचा आणि गृहखात्याचा असे दोन नवे संघ सरकारी बळावर उभे राहिले. त्यांतल्या लष्कराच्या संघाने, जो पुढे स्तेआउआ म्हणून जगाला कळला, १९४९ पासून १९५२ पर्यंत ओळीने चार चषक नेले. जुन्या संघांची नावे बदलली. रॅपिडला काही वर्षे ‘लोकोमोटिवा’ म्हणजे इंजिन म्हणत, क्लुजला ‘श्तिइंत्सा’ म्हणजे विज्ञान. रिपेन्सिया १९४८ मध्ये संपला. त्याच वर्षी उनिरेआ त्रिकोलोर गृहखात्याच्या दिनामो संघात विलीन झाला. व्हेनस १९४९ साली मोडला. आठ वेळा साखळी जिंकलेल्या या संघाचे नाव राष्ट्रीय चषकावर कधीच कोरले गेले नाही. १९४० चा तो चौथा सामना हीच त्याची शेवटची संधी ठरली.

आणि रॅपिड? सहा चषकांनंतर सातव्यासाठी, म्हणजे १९३५ चा धरून आठव्यासाठी, त्याला १९७२ पर्यंत तीस वर्षे थांबावे लागले. मध्ये १९६१ साली अंतिम सामना आला होता, तर समोर तुर्दा या लहान गावचा आरिएशुल संघ उभा. तुर्दा म्हणजे क्लुजच्या दक्षिणेला, १९४० च्या त्या नव्या रेषेच्या अगदी अलीकडे राहिलेले गाव. त्या संघाने राजधानीच्या रॅपिडला २-१ ने हरवून चषक गावी नेला. बाद पद्धतीत लहान गावाचा जीव का असतो, ते आता पटलं ना? साखळीचे पहिले विजेतेपद मात्र रॅपिडला १९६७ साली मिळाले. पुढे दिवाळखोरीने संघ बसला, तळापासून पुन्हा उभा राहिला आणि २०२१ साली वरच्या साखळीत परतला. जुलेश्तचे जुने मैदान पाडून २०२२ साली नवे बांधले गेले. ग्रिवित्सा-जुलेश्तची वस्ती मात्र संघ सोडून गेली नाही.

शिक्षक बंधूभगिनींनो, या हकीगतीतून तुम्हाला वर्गात एक गोष्ट करता येईल. दुसऱ्या महायुद्धाचा धडा शिकवताना मुलांना नुसत्या तारखा पाठ करायला देऊ नका. फळ्यावर रुमानियाचा नकाशा काढा. त्यावर बुखारेस्ट, तिमिश्वारा, क्लुज, ओराद्या, किशिनाउ, चेर्नाउत्स ही सहा नावे मांडा आणि प्रत्येकापुढे तिथल्या संघाचे नाव लिहा. मग १९४० च्या जूनची रेषा ओढा, ऑगस्टची ओढा. मुलांना विचारा, आता पुढच्या वर्षीच्या चषकात कोण खेळेल? जी दोन-तीन नावे उरतील ती त्यांना आयुष्यभर लक्षात राहतील, आणि जी पुसली गेली ती अधिक.

आणि गावकरी वाचकांना एवढेच सांगायचे, की गावचा खेळाचा संघ ही वेळ घालवायची बाब आहे असे समजून तिच्याकडे पाहू नये. तालीम असो, कबड्डीचा संघ असो, तिथे कोणाकोणाची मुले एकत्र उतरतात हे पाहत जावे. उद्या त्यांतल्या एखाद्या आळीची मुले येईनाशी झाली, तर का येत नाहीत याची चौकशी त्याच आठवड्यात करावी. चेर्नाउत्सच्या मैदानावर ती चौकशी करणारा कोणी उरला नव्हता.